बघेल त्याची मॅच

कॅनडात थंडीबद्दल कुरकुर करतो तो नवा माणूस. मुरलेला माणूस थंडीचं नावही काढत नाही. त्याची कुरकुर असते ती हॉकी यंदा कुठल्या चॅनलवर दिसणार याबद्दल. हॉकी म्हणजे बर्फावरची, दुसरी इथे कुणी विचारातच घेत नाही. पंचांचे निर्णय, गोलरक्षकाचा पगार, टोरँटोच्या मेपल लीफ्स संघाने १९६७ नंतर न जिंकलेला स्टॅनली कप, म्हणजे हॉकीतलं अजिंक्यपद, हे विषय बारमाही आहेतच. पण प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हातात गेले, की जी रंगत येते ती काही औरच.

मला ही कुरकुर ऐकायचा छंद आहे. खेळात निदान दोन बाजू असतात. कुरकुरीत सगळे एकाच बाजूला असतात आणि तरी एकमेकांशी भांडतात.

२६ नोव्हेंबर २०१३ ला तर ऑफिसात सकाळी कुणी कामाला हात लावत नव्हतं. रॉजर्स या केबल-मोबाइलवाल्या कंपनीने एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक हॉकी लीगचे, देशभराचे प्रक्षेपणहक्क बारा वर्षांसाठी घेतल्याची बातमी आली होती. किंमत सुमारे ५२० कोटी कॅनेडियन डॉलर. वर्षानुवर्षं हॉकी दाखवणारी टीएसएन ही क्रीडावाहिनी राष्ट्रीय हक्कांतून एका फटक्यात बाहेर गेली. आणि सीबीसी, म्हणजे इथलं दूरदर्शनच म्हणा, तिच्या हातून शनिवारची संध्याकाळ निसटली. कॉफीच्या मशीनपाशी उभे असलेले आमचे एक शांत स्वभावाचे हिशेबनीस, ज्यांना मी कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, ते म्हणाले, “आम्हाला विचारलं का कुणी?”

त्या वाक्यावर आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला गंमत वाटली. पाचशे-हजार कोटींच्या व्यवहारात यांना कोण कशाला विचारेल? पण त्यांचा चेहरा बघितल्यावर कळलं, की माणूस खरोखर दुखावलाय.

त्याला कारण शनिवार. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम सीबीसीवर १९५२ पासून चालू आहे. त्याआधी रेडिओ होता. टोरँटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये छताजवळ टांगलेल्या एका खोक्यात बसून फॉस्टर ह्युइट नावाचा समालोचक साऱ्या देशाला मॅच ऐकवायचा. टीव्हीवरची पहिली मॅच मात्र दिसली ती मॉन्ट्रियलहून, फ्रेंचमध्ये, ११ ऑक्टोबर १९५२ ला. टोरँटोचा नंबर लागला त्यानंतर तीन आठवड्यांनी. (टोरँटोकरांसमोर हे बोलू नये. जेवण चालू असेल तर मुळीच नाही.) आणखी एक गोष्ट हल्ली कुणी आठवत नाही. सुरुवातीच्या त्या वर्षांत मॅच पहिल्यापासून दाखवतच नसत. रात्री साडेनऊला, खेळ बराच पुढे सरकल्यावर, प्रक्षेपण सुरू व्हायचं. घरबसल्या फुकट दिसलं तर तिकीट कोण काढणार, ही मालकांची धास्ती. तेव्हा आज जे “पूर्वी कसं छान होतं” म्हणून उसासे टाकतात, त्यांच्या वडिलांनी शनिवारच्या मॅचमधला पहिला गोल बहुतेक पाहिलेलाच नव्हता.

२०१४ च्या मोसमापासून नवी व्यवस्था सुरू झाली ती मोठी मजेदार होती. कार्यक्रमाचं नाव तेच, शनिवार तोच, सीबीसीवर दिसणं तेच. छपरावर अँटेना असेल तर एक पैसाही न देता. स्टुडिओदेखील सीबीसीच्याच इमारतीत. पण जाहिरातींचं उत्पन्न रॉजर्सचं, आणि निवेदक कोण, काय दाखवायचं, कोणती मॅच कुठे लावायची, यात शेवटचा शब्दही रॉजर्सचाच. साठ वर्षांचा मालक आपल्याच घरात कूळ झाला. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत कुळांना जमिनी मिळाल्या, इथे उलटंच झालं. आणि प्रेक्षकाचं काय सांगावं? तो तर तिसऱ्या-चौथ्या पिढीचं कूळ. सात-बाऱ्यावर त्याचं नाव कधीच नव्हतं, पण वहिवाट त्याचीच. दर शनिवारी सात वाजता सोफ्याचा तोच कोपरा, तोच बाउल, तीच शिवी. ‘बघेल त्याची मॅच’ असा कायदा कधी झाला नाही म्हणून हिशेबनीस बिचारे कॉफी मशीनपाशी हळहळत होते.

नव्या मालकाने पहिल्याच वर्षी रंगरंगोटी काढली. रॉन मॅक्लीन हा अनेक वर्षांचा मुख्य निवेदक, शाब्दिक कोट्या करणारा, थोडा मास्तरी. त्याला शनिवारच्या खुर्चीवरून उठवून रविवारच्या एका फिरत्या कार्यक्रमासाठी गावोगाव पाठवलं. त्याच्या जागी जॉर्ज स्ट्रॉम्बुलोपुलोस आला. मुलाखती घेण्यात तरबेज, तरुण, चटपटीत. भोवती भिंतीएवढे पडदे. माझ्या मते त्याचं काम वाईट नव्हतं. पण लोकांनी त्याच्या विजारीपासून सुरुवात केली. एवढी घट्ट विजार घालून हॉकीबद्दल बोलायचा कुणाला अधिकार पोचतो का, यावर मी बसमध्ये गंभीर चर्चा ऐकलेली आहे. तेच लोक आदल्या वर्षापर्यंत मॅक्लीनच्या कोट्यांवर डोकं धरून बसत होते. आता म्हणू लागले, कोट्या होत्या, पण आपल्या होत्या.

मग २०१६ चं वर्ष उजाडलं. कॅनडाचे सातही संघ प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेर राहिले. १९७० नंतर असं पहिल्यांदाच घडलं. एवढे पैसे मोजून घेतलेल्या हक्कांवर वसंतात दाखवायचं काय, तर अमेरिकेतले पिट्सबर्ग आणि सॅन होझे. प्रेक्षक घटले. त्या उन्हाळ्यात स्ट्रॉम्बुलोपुलोसला निरोप दिला आणि मॅक्लीनला परत बोलावलं. लोकांना वाटलं, आपण जिंकलो. मला विचाराल तर हरले होते ते सातही संघ, आणि त्याची शिक्षा झाली विजारीला.

बॉब कोलच्या बाबतीतही हेच. न्यूफाउंडलंडचा हा समालोचक १९६९ पासून मॅचेस सांगत होता. आवाज असा, की शेजारच्या खोलीत कांदा चिरत असताना नुसत्या त्याच्या चढउतारावरून पक, म्हणजे हॉकीची ती रबरी चकती, कुठे पोचलाय ते कळावं. शेवटी शेवटी तो नावांत गोंधळ करायचा, ह्याचा गोल त्याच्या नावावर घालायचा, आणि घरोघरी त्याच्यावर विनोद व्हायचे. नव्या राजवटीत त्याला मॅचेस कमी मिळू लागल्या, २०१८ च्या प्लेऑफमध्ये तर एकही नाही. विनोद करणारे सगळे खवळले. त्याने निवृत्ती घेतली २०१९ मध्ये, शेवटची मॅच मॉन्ट्रियल विरुद्ध टोरँटो. त्या रात्री त्याने दहा नावं चुकवली असती तरी कुणी ब्र काढला नसता.

पण सगळ्यांत मोठा दंगा माणसावरून झालेला नाही. तो एका सुरावटीवरून झाला, आणि तोही रॉजर्सच्या आधी. १९६८ साली डोलोरेस क्लेमन या बाईंनी हॉकीच्या कार्यक्रमासाठी एक धून बांधली. बाईंनी तोवर हॉकीची मॅच पाहिलेली नव्हती. पायात स्केट्स घातलेले रोमन योद्धे डोळ्यांपुढे आणून त्यांनी ती रचली, असं त्या सांगत. चाळीस वर्षं दर शनिवारी ती वाजली. लोक तिला देशाचं दुसरं राष्ट्रगीत म्हणायचे, आणि पहिल्याचे शब्द ज्यांना नीट येत नाहीत तेही हिची तुतारी तोंडाने वाजवून दाखवायचे. २००८ च्या जूनमध्ये सीबीसीचा करार संपला, वाटाघाटी फिसकटल्या आणि सीटीव्हीने, म्हणजे टीएसएनच्याच घरच्या वाहिनीने, ती धून कायमची विकत घेऊन टाकली. ती टीएसएनवर वाजू लागली. सीबीसीने नव्या धुनेसाठी देशभर स्पर्धा लावली, एक लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं. आल्बर्टातल्या एका शाळामास्तरांची धून पहिली आली. ती चांगली आहे हो, बॅगपाइप आहे तिच्यात, जोश आहे. पण तिला कुणी तोंडाने वाजवत नाही.

पुढची गंमत २०१३ च्या व्यवहाराने केली. टीएसएनकडे धून राहिली आणि राष्ट्रीय मॅचेस गेल्या. म्हणजे ज्यांच्याकडे शनिवार आहे त्यांच्याकडे धून नाही आणि ज्यांच्याकडे धून आहे त्यांच्याकडे शनिवार नाही. एखाद्या घरात वाटण्या होताना देव्हारा एका भावाकडे आणि देव दुसऱ्याकडे जावेत, त्यातला हा प्रकार.

अर्थात शनिवारबद्दल सगळ्यांनाच गहिवर येतो असंही नाही. व्हँकूव्हरचा माणूस भेटला तर त्याला विचारून पाहा. सीबीसीच्या जमान्यात शनिवारची सातची मॅच म्हणजे बहुतेकदा लीफ्सची, ती साऱ्या देशाच्या गळ्यात. टोरँटोत संध्याकाळचे सात म्हणजे व्हँकूव्हरला दुपारचे चार. बाहेर लख्ख उजेड, आणि घरात बसून दुसऱ्याच्या हरणाऱ्या संघाकडे बघत आपल्या मॅचची वाट पाहायची. त्यामुळे रॉजर्सने शनिवारच्या मॅचेस एकाच वेळी चार-चार वाहिन्यांवर पसरल्या तेव्हा पश्चिमेकडचे लोक खूश झाले. दोन आठवडे. मग त्यांची कुरकुर सुरू झाली, की आमची मॅच नेमकी कुठल्या वाहिनीवर आहे ते शोधताना पहिला गोल होऊन जातो.

सीमेपलीकडच्या अमेरिकनांची दुःखं निराळी. १९९६ मध्ये तिथे फॉक्स वाहिनीने, नव्या प्रेक्षकाला पक दिसत नाही म्हणून, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसवून पडद्यावर त्याच्याभोवती निळं तेज आणलं. फटका जोरात बसला की मागे लाल शेपूट. कॅनडात यावर जे हसले ते अजून थांबलेले नाहीत. मात्र २०२१ मध्ये हक्क एनबीसीकडून ईएसपीएन आणि टर्नरकडे गेले तेव्हा अमेरिकन चाहत्यांना सगळ्यांत जास्त आनंद कशाचा झाला? ईएसपीएनची नव्वदच्या दशकातली जुनी धून परत वाजणार याचा. म्हणजे तेही आपलेच.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात मराठी माणसाचा काय संबंध? संबंध असा, की इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी असतात. शाळेचं सभागृह त्याच वेळी स्वस्तात मिळतं. हॉकीचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणजे दिवाळीचा कार्यक्रम त्यात सापडतो, आणि एप्रिलमध्ये प्लेऑफ, म्हणजे पाडव्याचा. विंगेत झब्बा घालून, गालाला रंग लावून उभी असलेली, इथेच जन्मलेली आमची पोरं फोनवर स्कोअर बघत असतात. एकदा पोवाड्याच्या ऐन भरात, अफजलखान तंबूत शिरत असताना, मागून “येस्स!” असा आरोळा आला. प्रेक्षकांतल्या आजीआजोबांना वाटलं, महाराजांना उद्देशून आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लीफ्सने गोल केला होता.

पंजाबी मंडळींनी मात्र या हक्कांच्या उलाढालीत स्वतःचं पान मांडून घेतलं, त्याचं मला अजून कौतुक आहे. २००८ पासून हॉकी नाइटचं पंजाबी समालोचन सुरू झालं. हरनारायण सिंग हा आल्बर्टातला तरुण सुरुवातीला दर आठवड्याला कॅल्गरीहून टोरँटोला स्वतःच्या खर्चाने विमानाने यायचा. पुढे ते प्रक्षेपण रॉजर्सच्या ओम्नी वाहिनीवर गेलं. “मारिया शॉट, कीता गोल!” ही त्यांची आरोळी टोरँटोजवळच्या पंजाबीबहुल ब्रॅम्प्टनच्या तळघरांतून घुमू लागली. २०१६ च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केल्यावर सिंगने एका दमात “बोनिनो, बोनिनो, बोनिनो” असा जो गजर लावला, तो अमेरिकेत इतका गाजला की पिट्सबर्गने कप जिंकल्यावर या पंजाबी चमूला विजयाच्या सोहळ्याला बोलावलं. ज्या व्यवहाराला सगळे शिव्या घालत होते, त्यातूनच हे फळ आलं. २०१९ पासून क्री या आदिवासी भाषेतही काही मॅचेसचं समालोचन होऊ लागलं. क्री माणसाने मात्र “पूर्वी कसं छान होतं” म्हणायला पूर्वी काही होतंच कुठे? कुरकुरीलाही आधी वाटा मिळालेला असावा लागतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त पोस्टमन, ऐंशीच्या आसपासचे, लीफ्सचे निस्सीम भक्त, म्हणजे दुःख सोसायची सवय असलेले. त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावलेला असतो. मुलीने मोठ्या अक्षरांत करून दिलेला तक्ता. सोमवार : ॲमेझॉन. बुधवार : स्पोर्ट्सनेट (रॉजर्सची क्रीडावाहिनी). शनिवार : सीबीसी. बाकीचे वार : एक आड एक टीएसएन किंवा स्पोर्ट्सनेट, खाली पेन्सिलीने तारखा. सोमवारच्या ओळीवर त्यांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. २०२४ च्या मोसमापासून सोमवारच्या राष्ट्रीय मॅचेस ॲमेझॉनच्या प्राइमवर गेल्या, त्याचं हे प्रश्नचिन्ह. “जी कंपनी मला मोजे पाठवते, ती हॉकी कशी पाठवेल?” असा त्यांचा बिनतोड सवाल. मुलीने फोनवर ॲप घालून दिलंय. ते फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात, चष्मा काढतात, परत घालतात आणि पकच्या जागी माशी बसली असली तरी कळणार नाही म्हणतात. एका सोमवारी आम्ही दोघांनी मिळून ती मॅच टीव्हीवर चढवायचा प्रयत्न केला. पासवर्ड त्यांनी चेकबुकाच्या मागे लिहून ठेवला होता, चेकबुक बँकेच्या पाकिटात, आणि पाकीट मुलीकडे. तोवर दुसरा पीरियड संपत आला होता. साडेनऊच झाले होते. म्हणजे अगदी १९५२ सारखंच की, असं मी म्हणून पाहिलं. त्यांना विनोद आवडला नाही.

बाकी या तक्त्यातही एक खोच आहे. देश संघांच्या मुलखांत वाटलेला आहे. राष्ट्रीय नसलेली मॅच ज्या संघाच्या मुलखाची, तिथेच दिसते. माझी एक मैत्रीण मॉन्ट्रियलची, संसार टोरँटोत. तिला तिच्या कॅनेडियन्सची, म्हणजे मॉन्ट्रियलच्या संघाची, साधी मंगळवारची मॅच हवी असेल तर पडद्यावर पाटी येते, की ही मॅच तुमच्या भागात उपलब्ध नाही. पैसे भरले आहेत, भाषा येते, संघातल्या पोरांच्या जन्मतारखा पाठ आहेत, पण सासर चुकलं.

आजोबांना मी एकदा सांगितलं, की भारतात २००७ साली कायदाच केलाय, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी वाहिनीला प्रसारभारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “आणि तुम्ही तिथून इकडे आलात?”

एप्रिल २०२५ मध्ये रॉजर्सने पुढच्या बारा वर्षांचा करार केला. २०२६-२७ च्या मोसमापासून, १,१०० कोटी डॉलर. आकडा दुपटीहून मोठा, आणि ते पैसे कुठून वसूल होणार हे समजायला हिशेबनीस लागत नाही, महिन्याचं बिल पुरतं. संध्याकाळी मी कुंपणाशी गेले तर आजोबा बर्फ वितळून उघड्या पडलेल्या गवताला काठीने टोचत उभे होते. मला वाटलं, आता तासाभराची निश्चिंती झाली.

पण ते काही बोलेनात. मीच विचारलं, ऐकलंत ना? ते म्हणाले, “ऐकलं. २०३८ पर्यंत. एवढं काही मी पुरत नाही. यापुढची तक्रार तू करायची.”

मी म्हणाले, मला कुठे जमायला तुमच्यासारखी?

“जमेल,” ते म्हणाले. “शनिवारपासून सुरुवात कर. शनिवारी काय वाईट असतं ते सांग बघू.”

मी सांगायला लागले. दोन पीरियडच्या मधल्या गप्पांत त्या जुगाराच्या जाहिराती किती असतात, चारचौघं टेबलाशी बसून एकाच वेळी बोलतात, आणि ती बॅगपाइपची धून. ते मधेच थांबवून म्हणाले, “धून राहू दे. ती माझी आहे.”